पारड्यातली मुलगी

“सिंधू, तुझं वजन किती असंल गं?”

सोनाकाकूनं मला गुळाच्या कोठीत बोलावून, दार आतून लोटून हे विचारलं. भोवताली पोत्यात गुंडाळलेल्या ढेपा, त्यांच्यावर बसलेल्या माश्या आणि काकूच्या चेहऱ्यावर कार्य ठरल्यासारखी गोड घाई. आमचं घराणं गडहिंग्लजच्या पेठेतलं, गुळाच्या अडतीचं. माल नजरेनं तोलायची सवय घरादाराच्या अंगात इतकी मुरलेली, की आमच्याकडची माणसं पाहुण्यालाही आधी वरपासून खालपर्यंत तोलून घेत आणि मग पाणी विचारत. त्यात काकूची नजर सगळ्यांत पक्की. तिनं वजन विचारलं याचा अर्थ ते तिला ठाऊक होतं. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं.

मी म्हणाले, “काकू, त्यासाठी कोठीत कशाला बोलावलंत? माझं वजन अख्ख्या गल्लीला पाठ आहे.”

ते खरंच होतं. मी तेव्हा विशीची, उंच आणि काटकुळी. मला बघायला आलेल्यांपैकी एका घरानं ‘मुलीला मागं काही दुखणं झालं होतं का’ असं विचारलं होतं. दुसऱ्या घरच्या सासूबाईंनी बांगडी भरायच्या निमित्तानं माझं मनगट दोन बोटांत धरून बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं, मंडईत शेवग्याची शेंग कोवळी नाही म्हणून परत टाकावी तसं. तेव्हापासून आई मला डिंकाचे लाडू, साजूक तूप, केळी यांचा मारा करत होती.

आणि अंगणाच्या पलीकडे शालनला उपाशी ठेवलं जात होतं.

आबा आणि तात्या हे दोघे भाऊ. आबा थोरले, म्हणजे माझे वडील. दुकान एक, अंगण एक, चुली दोन. तात्यांची बायको ही सोनाकाकू आणि त्यांची एकुलती एक लेक शालन, माझ्याहून वर्षभरानं मोठी. तोंडावळा आम्हा दोघींचा हुबेहूब एक, चौगुल्यांचा. तेच रुंद कपाळ, तीच हनुवटीवरची खळी. मानेच्या खाली मात्र देवानं दोन वेगळे कारागीर लावले होते. मी हँगरला टांगलेल्या लुगड्यासारखी. शालन आडव्या अंगाची, भरलेली, दंडाला ब्लाउज तटतटणारा, चालली की जमिनीला कळेल अशी. तिला हसू आलं की ते सगळ्या अंगातून येई. मला ती फार आवडायची. पण लग्नाच्या बाजारात माझं मत कोण विचारतो.

तर अंगणाच्या अलीकडे मला भरवत होते आणि पलीकडे तिची भाकरी चतकोरावर आणली होती. सकाळी मेथ्यांचं पाणी, दुपारी ताक, संध्याकाळी ज्या शेजारणीनं जो उपाय सांगितला असेल तो. आम्ही दोघींनी यावर आमच्यापुरता तोडगा काढला होता. माझे लाडू परकराच्या ओच्यातून तिच्याकडे जात. त्यामुळे महिनाभर ना मी भरत होते ना ती उतरत होती, आणि दोघींच्या आया देवाला दोष देत होत्या. मग एक दिवस काकूला शालनच्या उशीखाली लाडवाचा चुरा सापडला. त्या दिवसापासून शालन आमच्या घरात यायची बंद झाली, काकूच्या फडताळाला कुलूप लागलं आणि किल्ली काकूच्या कमरेला गेली. पुढच्याच आठवड्यात शालन धुण्याच्या दगडावर चक्कर येऊन पडली. डोक्याला खोक पडली. काकूनं हळद दाबली आणि म्हणाली, “आता जरा तोंड उतरल्यासारखं दिसतंय.”

हे मी विसरलेली नाही. त्या घरातलं मी फारसं काहीच विसरलेली नाही.

कोठीतलं प्रकरण असं होतं. शालन पाच वर्षांची असताना तिला सुकडी झाली होती. पोटात अन्न ठरेना, बरगड्या मोजाव्यात अशी झाली. कोल्हापूरच्या डॉक्टरनंही मान हलवली. तेव्हा काकू आमच्या मूळ गावच्या डोंगरावरल्या मरगाईला अनवाणी गेली आणि पोरीला पायरीवर ठेवून बोलली, की हिला अंगानं भरू दे, भरेल तेवढा गूळ तुझ्या दारात तोलीन. देवीनं ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, हात सैल सोडून दिलं. आणि काकू दर वर्षी ‘पुढच्या साली फेडू’ म्हणत राहिली, कारण दर वर्षी शालन आणखी भरत होती आणि चारचौघांसमोर तो तराजू लटकवायचा काकूला धीर होत नव्हता.

आता टाळता येईना. लेकीचा नवस लग्नाआधी फेडावा लागतो, नाहीतर तो तिच्याबरोबर सासरी जातो, असं आमच्यात मानतात. आणि लग्न तर दाराशी आलं होतं. इचलकरंजीच्या खोतांकडून विचारणा होती. मागावरचा धंदा, एकुलता मुलगा. त्यांना शालनचा फोटो पसंत पडला होता. फोटो नुसत्या चेहऱ्याचा, खांद्यावरून शाल घेतलेला. घरी येऊन बघायचं आणि मग नाही म्हणायचं, त्यात दोन्हीकडची शोभा. म्हणून नवसाच्या दिवशी खोतांच्या बायका देवदर्शनाच्या निमित्तानं डोंगरावर येणार आणि लांबून मुलगी बघून जाणार, असं मध्यस्थानं ठरवलं होतं. चांगली रीत आहे ती, एरवी.

काकूचा बेत असा, की त्या दिवशी शालनच्या जागी पारड्यात मी बसायचं.

“तोंड एकच हाय तुमचं,” ती म्हणाली. “बघून जातील, सुपारी फुटंल. लगीन वैशाखात. तोवर शालन उतरती. उतरवतेच मी.”

“आणि नाही उतरली तर?”

“एकदा सुपारी फुटली की कोण काटा घेऊन बसतंय व्हय मांडवात?”

म्हणजे मला बघून जायचं आणि तिला घेऊन जायचं. नमुना एका ढेपेचा दाखवून माल दुसऱ्या ढेपेचा घालणाऱ्या अडत्याला पेठेत काय म्हणतात ते मी काकूला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं नाही. गुरवाशी बोलणं झालंय म्हणाली. आजारी, म्हाताऱ्या माणसाचा नवस असला की त्याच्या जागी रक्ताचं कुणी बसलेलं देवीला चालतं, ही गुरवाचीच सांगी. फक्त जिच्यासाठी नवस बोलला ती देवीच्या नजरेसमोर हजर पाहिजे. तर शालन येईल, बाजूला उभी राहील. डोंगरावर आता आमच्या ओळखीचं कुणी उरलेलं नाही. सगळा हिशेब काकूनं बसवून ठेवला होता. शालनला बाजूला उभी करायची हे तिनं ठरवलं. ती तिथं उभी राहून काय काय ऐकेल, हे तेवढं हिशेबात धरायचं राहून गेलं.

मी नाही म्हणाले. मग आईनं मला समजावलं. आईचं समजावणं म्हणजे भाजी निवडता निवडता, वर न बघता बोलणं. जावेशी वैर नको, शालनचं उरकलं की तुझी वाट मोकळी होईल, आणि शिवाय, तुझ्या बारीक असण्याचा कुणाला तरी उपयोग होतोय. हे शेवटचं वाक्य तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हणाले, मला शालननं स्वतः सांगितलं तरच बसेन.

माझी खात्री होती, ती सांगणार नाही.

ती दिवेलागणीला आली. बऱ्याच दिवसांनी तिला आमच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं होतं. डोळ्यांखाली काळं, केस विरळ झालेले, आणि अंग बाकी तेवढंच. उपासानं तिचं काहीच कमी केलं नव्हतं, फक्त हसू काढून घेतलं होतं.

“बस गं माझ्या जागी,” ती म्हणाली.

“तुला हे पटतंय?”

“पटायचं काय त्यात. मला इथनं सुटायचं हाय.”

“आणि तिथं गेल्यावर? ती माणसं तुला बघतील तेव्हा?”

“तिथली माणसं परकी असतील, सिंधू. परक्यानं ताटाकडं बघितलं तर चालतंय.”

मी मान डोलावली.

नवसाच्या दिवशी आम्ही टेम्पोतून डोंगरावर गेलो. मागं ढेपा, त्यांच्यावर आम्ही बायका, पुढं आबा आणि तात्या. माझ्या अंगावर शालनची नवी जरीकाठी साडी, दोन निऱ्या जास्त घालून नेसवलेली. शालनच्या अंगावर आईची जुनी सुती. वाटेत काकू ढेपांचा हिशेब करत होती. माझ्या मापाच्या आणल्या होत्या, म्हणजे टेम्पो अर्धा रिकामाच होता.

देऊळ लहान. पुढं दगडी मंडप, त्याच्या तुळईला लोखंडी साखळ्यांनी टांगलेला लाकडी तराजू, पारडी चौरंगाएवढाली. मंगळवार असल्यामुळे पाच-पन्नास माणसं होती. त्यांना नवसाचं काही नव्हतं, प्रसादाचं होतं. मला पारड्यावर चढताना बघून एक म्हातारी बाजूचीला म्हणाली, की हिच्या भारोभार वाटणार म्हणजे जिभेला लावायपुरता मिळंल. मला हसू आलं. त्या दिवशीची तेवढीच एक प्रामाणिक तक्रार.

खोतांच्या दोघी आल्या होत्या. मुलाची आई ठेंगण्या-ठुसक्या बांध्याची, अबोल. आणि मुलाची आत्या, जी तिच्याऐवजी बोलत होती. आत्याच्या पोटाच्या वळ्या साडीतून दिसत होत्या आणि तिचं स्वतःचं लग्न होऊन तीस वर्षं उलटली असावीत. अशा बायका दुसऱ्याच्या मुलीच्या अंगाबद्दल जितक्या निवांतपणे बोलतात तितक्या निवांतपणे देवाबद्दलही बोलत नाहीत. दोघी अगदी योगायोगानं दर्शनाला आल्यासारख्या काकूशेजारी येऊन उभ्या राहिल्या. योगायोगानं ओळख निघाली. योगायोगानं गप्पा सुरू झाल्या.

गुरवानं काकूला पुढं बोलावलं. नवस ज्या शब्दांत बोलला त्याच शब्दांत देवीला सांगायचा असतो. काकूनं हात जोडले, माझ्या खांद्यावर एक हात ठेवला आणि देवीकडं बघत म्हणाली, ही माझी लेक शालन, हिला अंगानं भरवलीस, तुझं तू घे. तिचा आवाज जराही कापला नाही. गुरवानं समोरच्या पारड्यात ढेपा ठेवायला सुरुवात केली. माझं पारडं हळूहळू उचललं जाऊ लागलं.

“शेलाटी हाय पोरगी,” आत्या म्हणाली. “फोटोत जरा भरल्यासारखी वाटली होती.”

काकू म्हणाली, फोटोवाल्याचं काही खरं नसतं.

मग आत्याची नजर फिरत मंडपाच्या कोपऱ्याकडं गेली. तिथं शालन खांबाला टेकून उभी होती. सकाळपासून पोटात ताकाशिवाय काही नव्हतं. खांब नसता तर ती खालीच बसली असती.

“ती कोण म्हणायची?” आत्यानं विचारलं. “खांबानं तिला धरलंय का तिनं खांबाला?”

मुलाची अबोल आई यावर पहिल्यांदा हसली. आणि काकूही हसली.

“ती व्हय. ती थोरल्या दिराची. सिंधू.”

एवढ्यावर ती थांबली असती, तर खोटं बोलायला निघालेल्या माणसाचं एक ठरलेलं खोटं म्हणून मी ते सोडून दिलं असतं. ठरलंच होतं तसं. पण पाहुणे खूश होत होते, आणि गिऱ्हाईक खूश होत असलं की आमच्या घरातलं कुणी थांबत नाही.

“जाऊबाईंचा धाक न्हाई,” काकू पुढं म्हणाली. “खातीया नि पसरतीया. मला तर बघवत न्हाई. असलीला कोण करून घेणार, तुम्हीच सांगा.”

आत्या म्हणाली, दोष आईचाच, पोटच्या पोरीला असं सुटू देते ती कसली आई. काकू म्हणाली, तेच म्हणते मी.

मी पारड्यात होते. दोन्ही हातांनी साखळ्या धरलेल्या, पाय जमिनीपासून सुटलेले. मी शालनकडं बघितलं. मंडप केवढासा, तिला अक्षर न् अक्षर ऐकू गेलं होतं. तिचा चेहरा रडवेला झाला नाही. उलट आठवडे-आठवडे मरगळलेल्या त्या तोंडावर काहीतरी लख्ख आलं, एखादं गणित सुटल्यासारखं. मी उतरायला एक पाय खाली सोडला. गुरवानं माझा खांदा दाबला, “हलू नको बाई, काटा हलतोय.” मी म्हणाले, हलू दे. तोवर शालन खांब सोडून चालायला लागली होती.

ती काकूकडं आली नाही. ती माझ्या आईकडं गेली. आईला ती लहानपणापासून थोरली आई म्हणायची. त्या दिवशी तिनं ‘थोरली’ गाळली.

“आई,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात, “मला भूक लागलीय. डबा कुठं ठेवलाईस?”

आईनं तिच्याकडं बघितलं, मग काकूकडं. माझी आई जन्मभर कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेली बाई. तिच्यावर माझा राग होताच, आजही थोडा आहे. पण त्या क्षणी तिनं काय केलं तेही नोंदवून ठेवायला हवं. ती म्हणाली, “ये बाळा,” आणि टेम्पोतला डबा काढून मंडपाच्या पायरीवर बसली. भाकरी, वांग्याचं भरीत, दही, शेंगदाण्याची चटणी. तिनं तिथंच फडकं पसरून शालनला वाढलं.

शालन जेवायला बसली. देवीसमोर, खोतांच्या बायकांसमोर, प्रसादाला थांबलेल्या पाच-पन्नास माणसांसमोर. घाईनं नाही. भाकरी मोडून, दह्यात बुडवून, एकेक घास चावून. एक भाकरी झाली. आईनं दुसरी वाढली.

काकूकडं बघण्यासारखं होतं. तिचा हात दोनदा पुढं आला आणि दोनदा मागं गेला. तिची लेक तिच्या डोळ्यांदेखत दुसरी भाकरी खात होती आणि तिला ‘पुरे’ म्हणायची सोय नव्हती, कारण ती पोरगी थोरल्या दिराची होती. दिराच्या पोरीच्या ताटात हात घालायचा काकूला काय अधिकार?

आत्यानं तोंडाला पदर लावला. “बघा बघा,” ती हळूच म्हणाली, “आई कशी वाढतीया बघा.”

शालननं मान वर केली. काकूकडं बघून ती हसली. जुनं, सगळ्या अंगातून येणारं हसू.

“काकू,” ती म्हणाली, “तुम्ही पण घ्या की घासभर. उन्हाचं आलाईसा.”

काकूला ती आजवर ‘आई’ आणि ‘तू’ म्हणत आली होती. गडहिंग्लजला मुलं आईला ‘तुम्ही’ म्हणत नाहीत. मी पारड्यात बसूनही ते ऐकलं आणि मला कळलं, हे सोंग नव्हे. काकूनं ऐकलं आणि तिला वाटलं, पोरगी शहाणी आहे, सोंग नीट वठवतेय. तिनं सुटकेचा श्वास टाकला. खरंच टाकला, मी बघितला.

काटा मध्यावर आला. गुरवानं घंटा वाजवली. शालन चौगुलेचा नवस फिटला म्हणून ओरडला. गूळ फोडून वाटला गेला, आणि त्या म्हातारीचं म्हणणं खरं ठरलं, तो कुणालाच पुरला नाही.

परत आल्यावर टेम्पोतून उतरून शालन आमच्या दारात शिरली. काकूला वाटलं, साडी बदलायला गेली असेल. संध्याकाळी हाक मारली तेव्हा शालन आतून म्हणाली, “काकू, मी इथंच हाय.” रात्री तात्या आले. त्यांना आबांनी ओसरीवर बसवून घेतलं आणि काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. तात्या डोळे पुसत गेले एवढं दिसलं. ते कधीच वाईट नव्हते. फक्त कधीच घरात नव्हते, घरात असले तरी.

चौथ्या-पाचव्या दिवशी काकू धावत अंगण ओलांडून आली. पायात चपला नव्हत्या. इचलकरंजीचा निरोप आला होता. मुलगी पसंत. सुपारी कधी फोडायची ते कळवा.

आम्ही स्वयंपाकघरात होतो. शालन चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मी परातीत पीठ मळत होते. काकूनं सगळं एका दमात सांगितलं आणि शालनच्या पाठीवर हात ठेवला.

“चल पोरी घरला. झालं तुझं. पसंत पडलीस.”

शालननं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. मग म्हणाली, “कोण?”

“तू. आणि कोण?”

“मी कशी पडीन, काकू? मी खांबापाशी होते. पारड्यात तुमची लेक होती.”

“शालन, पुरे आता सोंग.”

“देवीसमोर कुणी सोंग करतंय व्हय? तुम्हीच खांद्यावर हात ठेवून सांगितलंत, ही माझी लेक म्हणून. देवीनं ऐकलं. मी पण ऐकलं.”

काकूनं माझ्याकडं बघितलं, मी काही मदत करीन म्हणून. मी मळत राहिले. मी एवढंच म्हणाले, की त्यांना पारड्यातली मुलगी पसंत असेल तर पारड्यातल्या मुलीचं उत्तर कळवा, तिला इचलकरंजीचं घर पसंत नाही. ज्या आत्याला खांबाचा एवढा कळवळा, तिच्या घरात मी खुंटीला टांगायच्या कामालाही जाणार नाही.

तेव्हा काकू रडली. खरं रडली, मी खोटं सांगणार नाही. म्हणाली, मी हिच्यासाठी अनवाणी डोंगर चढले, हिला काखेत घेऊन. मरत होती तेव्हा कोण होतं? आता जे केलं तेही हिच्याच भल्यासाठी केलं. लोक बोलतात ते तुम्हाला ऐकू येत नाही, मला येतं. पोरीच्या अंगाकडं बघून लोक काय म्हणतात ते आईला ऐकावं लागतं.

“लोकांनी म्हटलं ते मी पण ऐकलंय,” शालन म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्यांदा चढला. “लहानपणापासनं ऐकलंय. हत्तीण म्हणाले, पिंप म्हणाले. मी घरी येऊन तुझ्या मांडीवर रडले. लोकांचं मला काही नव्हतं. त्या दिवशी ती बाई एक बोलली, तर तू चार बोललीस. तुला कुणी विचारलं नव्हतं. ‘बघवत न्हाई’ हे तुझं होतं. ते सोंगातलं नव्हतं.”

हे तिचं काकूला शेवटचं ‘तू’. त्यानंतर तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फडक्यानं हात पुसले आणि तिचा आवाज पुन्हा खाली आला.

“काकू, ऊन हाय. पाणी देऊ तुम्हाला?”

काकू उभीच राहिली. आईनं तिला पाट दिला. ती बसली नाही. पाणी दिलं, प्यायली नाही. थोड्या वेळानं अनवाणी पायांनी अंगण ओलांडून गेली आणि तिच्या घराचं दार लागल्याचा आवाज आला.

शालन आमच्या घरून शिवणाच्या क्लासला गेली, आमच्या घरून बालवाडीवर नोकरीला लागली. अंग तसंच राहिलं, केस परत आले. तिशी उलटल्यावर गारगोटीच्या एका बिजवराशी तिनं स्वतः ठरवून लग्न केलं. त्यानं तिला पहिल्यांदा बघितलं ते वडगावच्या बाजारात, कणीस खाताना. पत्रिकेवर आईवडील म्हणून आबांचं आणि आईचं नाव होतं. तात्या मांडवात मागं बसले. काकू पहिल्या रांगेत बसली, निमंत्रितांच्या.

काकू अजून आहे. तात्या गेले, अंगणात भिंत घातली, तीही पडली. काकूची कंबर मोडली तेव्हा शालन गारगोटीहून येऊन पंधरवडाभर राहिली. औषध, पथ्यपाणी, अंघोळ, सगळं केलं. दिवाळीला तिला साडी येते, संक्रांतीला तिळगूळ येतो. पुतणीनं काकूचं जेवढं करावं तेवढं शालननं सगळं केलं. गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही.

आता गल्लीतल्या बायका मला म्हणतात, तुझं ऐकेल ती, म्हातारीच्या कानावर एकदा ‘आई’ पडू दे, किती दिवस राहिलेत तिचे. काकूही माझा हात धरून तेच सांगते. मी तिच्या पांघरुणाच्या घड्या नीट करते, उशी सारखी करते आणि उठते. शालनला मी यातलं एक अक्षर कधी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.